उन्हातली आग

टेबलावर खेळायच्या लढाईतले माझे सैनिक अंगठ्याएवढे आहेत. प्रत्येक जण एका गोल चकतीवर उभा असतो. तिला आम्ही छंदिष्ट लोक बेस म्हणतो. त्या चकतीवर चिखल, गवत, पडकी भिंत असं काहीबाही उभं करायचं आणि आपण एक जग निर्माण केलं असं मानायचं. जळगावात, मेहरूणच्या तलावाकडे तोंड असलेल्या खिडकीशी बसून मी अशी बरीच जगं निर्माण केली. त्यांच्यावाचून कुणाचंही अडलेलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मी रासायनिक आग करायला घेतली. मुखवटा घातलेला सैनिक, मागे पडकी भिंत, शेजारी कलंडलेलं पिंप आणि त्यातून सांडलेल्या द्रवाने घेतलेला पेट. ज्वाळांसाठी देवघरातल्या फुलवाती पिंजल्या.

"देवाच्या वाती लढाईला?" बायकोने विचारलं.

"पेटवायच्याच होत्या ना," मी म्हणालो.

कापूस डिंकात बुडवून पिळला, टोकं वर ओढली. बुडाशी हिरवा रंग, मध्ये पिवळा, शेंड्याला नारिंगी. पंधरा दिवस गेले. मला ती आग फार आवडली.

माझा मोठा भाऊ धुळ्याला देवपुरात राहतो. तो पूर्वी एका रसायनांच्या कारखान्यात होता. तिथे भर दुपारी, उघड्या आवारात लागलेल्या आगीत त्याचा डावा हात पोळला. आग दिसलीच नाही, म्हणून मी तिच्यात चालत गेलो, असं तो सांगत होता. चौकशीच्या साहेबांनी कागदावर 'निष्काळजीपणा' लिहिलं. नातेवाइकांनी प्रेमाने डोळे तपासून घ्यायला सांगितलं, नवा चष्माही करवला. मी नुसती मान हलवली, पण मला ते पटलेलं नाही हे त्याला कळलं. त्यानंतर त्याने त्या दुपारचा विषय काढला नाही.

मी बेस घेऊन त्याच्याकडे गेलो तो कौतुक ऐकायला. त्याने चकती तळहातावर घेतली.

"हाई काय शे?"

"आग आहे, भाऊ. केमिकलची."

"बठ्ठी खोटी शे." सगळीच खोटी. मग तो अहिराणी सोडून पुस्तकी मराठीत आला. गंभीर झाला की येतो. "ही होळी आहे. त्या पिंपात काय होतं?"

"काहीही. स्पिरिट समज."

"मिथेनॉल असेल तर उन्हात ज्वाळा दिसत नाही. धूरही नाही. किती वेळा सांगायचं?"

त्याने एकदाच सांगितलं होतं.

"मग काय दिसतं?" मी विचारलं. हे त्याला चौकशीतसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. त्याने चकती खाली ठेवली.

"पलीकडची भिंत हलते. पाण्यातून बघावी तशी. गवत आपोआप काळं पडतं. पिंपाच्या रंगाला फोड येतात. आणि मग आपला हात."

परतताना बसमध्ये, पारोळ्याच्या पुढे, रस्त्यावर ऊन थरथरत होतं. समोरचा ट्रक आधी त्या थरथरीत तरंगला, मग त्याला चाकं फुटली. कडुलिंबाची झाडं बुंध्याशी विरघळून वर तेवढी उरली होती. डुलकीत मला वाटलं, सगळा खानदेशच एका बिनरंगी आगीत उभा आहे आणि कुणी धावपळ करत नाही. जाग आली तेव्हा एरंडोल मागे पडलं होतं आणि मला भावाची लाज वाटत नव्हती, स्वतःची वाटत होती.

घरी येऊन ज्वाळा उपटल्या. त्या हिरव्या वाती देवघरात परत घेतल्या गेल्या नाहीत. नव्या शर्टाच्या कॉलरमधली पारदर्शक पट्टी दिव्यावर धरली. ती तापून लाटांसारखी सुरकुतली. तिचा तुकडा भिंतीसमोर उभा केला. भिंत हलू लागली. गवताची टोकं काळी केली, पिंपाला फोड आणले. सैनिकाचा डावा हात पुढे वळवला.

पावसाळ्यानंतर देवपुरातल्या एका सभागृहात छंदांचं प्रदर्शन भरलं. भाऊ आला आणि माझ्या टेबलामागे खुर्ची घेऊन बसला. उद्घाटनाची समई पंख्याच्या वाऱ्याने चार काड्या ओढूनही पेटेना. पंखा बंद केला तेव्हा फेट्याखालून प्रमुख पाहुणे पाझरू लागले. शेवटी ते चष्मा पुसत माझ्या टेबलाशी आले. कार्डावर मी 'मिथेनॉलची आग, भर दुपारी' एवढंच लिहिलं होतं.

"छान," ते म्हणाले. "पण आग दाखवायची राहिली वाटतं." बरोबरचे सगळे हसले.

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात, आग लागलेलीच आहे अशा सुरात, मागून भाऊ बोलला, "लागेल शे ना. बोट लाईसन पहा, साहेब."

पाहुण्यांनी हसत बोट पुढे केलं. सुरकुतलेल्या पट्टीपाशी, हलणाऱ्या भिंतीसमोर ते थांबलं. क्षणभर तिथेच राहिलं. मग त्यांनी ते मागे घेतलं, बाकीच्या बोटांत मिटलं आणि ते पोस्टाच्या तिकिटांच्या टेबलाकडे वळले.

"चष्मा तर त्यांनाही होता," भाऊ म्हणाला. मग त्याने डाव्या हाताने चकती उचलली आणि खिडकीतल्या उन्हात धरली.