पंचनाम्यात मी दिलेली साक्ष

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चुलतभावाने बीटी कपाशी मोडून नांदुऱ्याजवळ नदीकाठी पाळण्यांचं पार्क काढलं. माझ्या कपाशीची बोंडं अळीने पोखरलेली, आणि माझीच पोरं त्याच्या मोठ्या पाळण्यात खिदळायची. मी जळायचो.

पुरात तो पाळणा आडवा झाला. पंचनाम्याला पंच म्हणून भावाने मलाच बोलावलं.

"दादा, तूच सांग साहेबाले, पाळणा चालू होता म्हून," म्हणत तो चहा आणायला गेला.

मी साहेबांना म्हणालो, "पाळणा तं पयलेच बंद पडेल होता."

भरपाई नाकारली गेली. पार्क भंगारात गेलं. भाऊ आजही त्या साहेबांना शिव्या देतो, मी मान हलवतो. त्या शिव्या माझ्या आहेत, हे सांगणं मी त्याचं देणं लागतो.