बोरिवली ते कुडाळ, व्हाया ‘व्हय म्हालाजा!’

घरात लहान मूल आलं की दोन गोष्टींचे ढीग लागतात. एक कपड्यांचा, दुसरा किश्शांचा. कपडे निदान मशीनमध्ये तरी जातात, किस्से कुणाला तरी ऐकवावेच लागतात. तेव्हा ऐका!

आमची ओवी सव्वादोन वर्षांची. तिला घेऊन पहिल्यांदाच गावी निघालो, बोरिवलीहून थेट कुडाळजवळ, आत्याकडे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, मोठी बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. गुडघ्यांमुळे तिला मुंबईला येववत नाही, त्यामुळे ओवीला तिने फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलेलं. दर वेळी तिचं एकच, “एकदा तिका मांडयेर घेवची आसा रे!” आणि आमची बाई तर अनोळखी माणूस दिसलं की भोंगा सुरू करते. मला प्रवासाचं काही नव्हतं, टेन्शन होतं ते याचंच.

*

आबाही आमच्यासोबत होते. निघताना त्यांनी पार्किंगमध्ये गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आम्हा मालवणी लोकांची ही पद्धत. एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा.

“बा देवा म्हाराजा, ही लेकरां गावाक चलली हत, त्यांका सुखरूप पोचव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही.

आमचा वॉचमन उत्तर प्रदेशातल्या बलियाचा. तोही टोपी काढून म्हणाला, “जी महाराज!”

ओवीला हा खेळ जाम आवडला. गाडी सुरू व्हायच्या आत तिचं पाठ, “व्हय म्हालाजा!” मग काय, वाट लागली ना आमची! “ओवी, शी आली का?” “व्हय म्हालाजा!” गाडी बाजूला, सगळे खाली, शीचा पत्ता नाही. असं तीन वेळा. चौथ्या वेळी आम्ही थांबलो नाही, आणि तेव्हाच खरी होती.

*

गाडी बायको चालवते, प्राजक्ता. बोरिवलीच्या ट्रॅफिकमध्ये तयार झालेली ड्रायव्हर आहे, मी तिला मनापासून मानतो. पहाटे पाचला निघायचा प्लॅन तिचाच, म्हणजे मूल झोपेल आणि पेणपर्यंत शांतता.

ओवी टक्क जागी! मी मात्र पुढच्या सीटवर असा गाढ झोपलो की पेण कधी गेलं कळलंच नाही. उठलो तर प्राजक्ता आरशातून आबांना सांगत होती, “दोघांपैकी एक तरी झोपलं, चला.”

*

परशुराम घाटात ओवीचा चेहरा बदलला. मी पिशवी शोधतोय, पिशवीच्या आत दुसरी पिशवी, तिला गाठ! तेवढ्यात मागे तिच्याशेजारी बसलेल्या आबांनी शांतपणे ओंजळ पुढे केली. सगळं झेललं. सीटवर एक थेंब नाही, तिच्या बेबी सीटवर नाही, फ्रॉकवरही नाही!

मी थक्क. आबा खिडकीबाहेर हात धुताना म्हणाले, “साकीनाक्याच्या वर्कशॉपात तीस वर्सां काढलंय. तेलाचो थेंब कधी जमनीर सांडूक देवक नाय!”

*

जेवायला एका हॉटेलात थांबलो. मालकीणबाई प्रेमाने ओवीला घ्यायला आल्या. ओवीने त्यांच्या हातातली चिक्की घेतली, तोंडात घातली, आणि मग किंचाळली! सगळं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं. प्राजक्ता म्हणाली, “बघ, किती शिस्तीची आहे. आधी माल ताब्यात, मग बोंब.”

मी हसलो खरा, पण डोळ्यांसमोर आत्या आली.

*

चारला पोचलो. आत्या नवी साडी नेसून पायरीवर उभी, दोन्ही हात पुढे. ओवीने तिच्याकडे पाहिलं, प्राजक्ताच्या गळ्याला मिठी मारली आणि जो टाहो फोडला! आत्याचे हात तसेच राहिले.

“दमली हा गो ती,” आबा म्हणाले.

“रडव नकात तिका,” एवढंच बोलून आत्या भिंतीला धरत आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. मला वाटलं, रडायला गेली.

इतक्यात प्राजक्ताचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आत्याचा!

प्राजक्ताने खाली बसून फोन ओवीसमोर धरला. रडणं बंद. “आत्तीऽऽ!” ओवी खूश.

फोनमधल्या आत्याने हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ह्या पोर इतक्या लांबसून माका भेटाक इला हा...”

“व्हय म्हालाजा!”

“त्येचा भ्या घालव रे म्हाराजा!”

“व्हय म्हालाजा!”

“आणि एकदा, एकदाच, माझ्या मांडयेर बसांदे रे म्हाराजा!” आत्याचा आवाज फुटला.

आवाज फोनमधूनही येत होता आणि दारामागूनही. ओवीने फोनकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. प्राजक्ताच्या हातातून फोन ओढून घेतला, तुरुतुरु गेली आणि दार ढकललं.

समोर खाटेवर आत्या, हातात फोन. ओवीने तिला पाहिलं, मग स्क्रीनवरच्या आत्याला, मग पुन्हा हिला.

“व्हय म्हालाजा,” ओवी म्हणाली, फोन जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.