जत्रांचा रकाना

गोवा राज्य झाले त्याच्या पुढल्याच वर्षी सुमंगला तुयेच्या औद्योगिक वसाहतीत पंख्यांच्या कारखान्यात लागली. काही वर्षांनी तिथे पहिला संगणक आला आणि तो तिच्याच गळ्यात पडला, कारण दुसरे कोणी त्याला हात लावायला धजत नव्हते. काळा पडदा, हिरवी अक्षरे. दसऱ्याला सगळ्या यंत्रांना झेंडूची माळ पडे तशी ती त्यालाही घाली. एकदा माळेतल्या मुंग्या आत शिरल्या आणि पणजीचा माणूस येईपर्यंत अख्ख्या कारखान्याचा पगार अडून राहिला. पण माळ काही तिने सोडली नाही.

त्या संगणकात माल होता, पगार होता, कोणी कुठल्या पाळीला यायचे तेही होते. शिवाय एक गोष्ट अशी होती, जी दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असेलसे वाटत नाही. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे त्याचे गाव, आणि गावापुढे त्या गावच्या जत्रेची तिथी. त्याचीही एक गंमतच आहे. एका सकाळी लाटंबार्शे गावाहून कामगारांना आणणारी बस रिकामी आली. मॅनेजरने ड्रायव्हरला विचारले, माणसे कुठे?

"माणसां देवळात आसत. जत्रा मा आज? माका कित्याक विचारतास, देवाक विचारा."

निम्मे कामगार त्याच बसचे, दिवसभर कारखाना बंद. संध्याकाळी मॅनेजर सुमंगलेला म्हणाला, हे देवांचे काय ते एकदा त्या पेटीत घाल बाई. तेव्हापासून पाडव्याला नवे पंचांग आले की ती साऱ्या गावांच्या तिथ्या उतरवून घेई. ज्याची जत्रा त्याला सुटी, आणि त्याने दुसऱ्याच्या जत्रेला जादा पाळी करायची. पेडण्याचा माणूस चंदगडच्या माणसासाठी उभा राही, चंदगडचा डिचोलीच्या माणसासाठी. कुरकूर कोणाचीच नसे.

पुढे नवे शतक लागले आणि ती पेटी धापा टाकू लागली. सुटे भाग मिळेनात. तोवर मॅनेजर झाला होता गोकुळदास. हा गोकुळदास सुमंगलेच्या गावचाच. शाळेत असताना घरच्या अडचणीमुळे तिच्या घरी राहून शिकलेला, तिच्या हातची पेज प्यालेला. तिला तो ताय म्हणे.

"ताये, नवा बसवूया. पण तू सांगशीत तसा."

सुमंगलेने सांगितले ते कोणत्याही घरात कळण्यासारखे होते. घरावरची कौले परततात ती एकेका पाख्याने. खाली माणसे झोपलेली असतात, सगळे छप्पर एकदम उतरवत नाहीत. आधी माल. जुने आणि नवे शेजारी शेजारी चालवायचे, आकडे जुळले की जुने बंद. मग पगार, तसाच. सगळ्यात शेवटी, तिसऱ्या टप्प्यात, पाळ्या आणि जत्रा, कारण ते सर्वांत नाजूक. तोवर पाळ्या जुन्या पेटीवरच राहतील.

गोकुळदासने मान हलवली. "तिसरो टप्पो तुझो. माझो शब्द."

त्या शब्दावर तिने आपला शब्द दिला. पंख्यांच्या मोटारींना तार गुंडाळणारा वायंडिंगवाला निवृत्ती, चंदगडकडचा, तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता. "बाई, यंदा पालखीला खांदा द्यायची पाळी आमच्या घराची हाय. बा गेल्यापास्नं पयल्यांदा. नव्या मशीनमधी आमचा देव ऱ्हातो न्हवं?"

"ऱ्हवतलो. मी आसंय मा."

पहिला टप्पा पार पडला. दुसराही. आकडे जुळवता जुळवता सुमंगलेचे डोळे लाल झाले, पण पगारात कोणाचा एक दिवस चुकला नाही. मग एका सोमवारी ती आली तर टेबलावर जुनी पेटी नव्हती. पेटीच्या जागी धुळीची चौकोनी रेघ तेवढी. भिंतीवर पाळ्यांचा नवा तक्ता लागलेला, आणि निवृत्तीच्या जत्रेच्या दिवशी निवृत्ती सकाळपाळीला.

नवी यंत्रणा बसवायला फोंड्याहून योगिता नावाची मुलगी येत असे. सुमंगलेने तिला विचारले, तिसरा टप्पा कधी?

योगिता गोंधळली. "तिसरा? बाई, आमच्याशी दोनच ठरले होते. पाळ्या दुसऱ्यातच, कंपनीच्या नेहमीच्या नमुन्याने. साहेबांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते."

पहिल्या दिवशी. सुमंगला तशीच गोकुळदासच्या खोलीत गेली. त्याने चहा मागवला.

"तिसऱ्याचा नाव घेतलंय म्हणून पयले दोन झाले, ताये. नायतर तू त्या पेटीक हात तरी लावूक दिलो असतंस?"

"आणि माणसांक मी काय सांगू?"

"सांग, कंपनीन केला. वरसभरान इसारतले."

चहा तिने घेतला नाही. कंपनीने केले असते तर तिला एवढे लागले नसते. हा तिच्या ओसरीवर पाढे म्हणत मोठा झाला होता, आणि तिचा शब्द कुठे चालतो हे त्याला बरोबर ठाऊक होते, म्हणून तर त्याने तो वापरला.

निवृत्तीला तिने स्वतःच सांगितले. त्याने तक्त्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"सायेब तुमच्याच घरात वाढला न्हवं, बाई? तुमाला ठावं नव्हतं म्हंता?"

आवाज चढवून बोलला असता तर तिला बरे वाटले असते.

जत्रेच्या सकाळी सुमंगला पहिल्या भोंग्याला वायंडिंगच्या खात्यात शिरली आणि निवृत्तीच्या बाकावर बसली. संगणक गळ्यात पडण्याआधी ती तिथेच काम करत असे. मुकादम अनंत डोके खाजवत आला.

"सुमंगलाबाय, हय खय? हात चलतत काय अजून?"

"बाक भरलेलो आसा ना? तुझो नवो देव तेवढाच विचारता."

अनंत हसला आणि निघून गेला. बोटांना तार आठवायला वेळ लागला. पहिली गुंडाळी वाकडी गेली, ती सोडून तिने पुन्हा सुरू केली. निवृत्तीला तिने आदल्या दिवशी गाडीत बसवून दिले होते. त्याने खिडकीतून हात जोडले होते.

जेवणाच्या सुटीत पॅकिंगमधली चंद्रभागा डबा घेऊन तिच्या बाकाशी येऊन टेकली. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलली. मग हळूच आपल्या गावच्या जत्रेची तिथी सांगू लागली.