वालाशेजारी लावलेला हॉप

वालाचा वेल बांबूवर कसा चढतो, हे मला कोणी विचारलं असतं तर पन्नास वर्षं वाल लावूनही सांगता आलं नसतं. चढतो म्हणजे चढतो. शेंडा खाली लोळू लागला की उचलायचा, बांबूभोवती दोन वेढे द्यायचे, केळीच्या सोपटानं बांधायचा. हाताला सवय असते, डोकं दुसरीकडेच असतं. कोणत्या बाजूनं वेढे देते ते माझ्या ध्यानात आलं त्या परक्या वेलामुळे.

तो वेल माझ्या पुतण्यानं आणला. पुतण्या म्हणजे माझ्या मोठ्या जावेचा मुलगा, वर हिमाचलच्या थंडीत नोकरीला असतो. तिकडे लोक शेतात हॉप लावतात म्हणे, बिअरला कडूपणा यावा म्हणून. त्याच्या फुलांची उशी केली की झोप येते, असं त्याला तिथल्या एका म्हातारीनं सांगितलं होतं. शिवरात्रीच्या सुमारास सुट्टीवर आला तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून बोटाएवढी मुळी घेऊन आला. आईसाठी.

माझे भासरे, म्हणजे जावेचे मालक, आदल्या वर्षी दिवाळीनंतर गेले. तेव्हापासून जाऊबाईला झोप नव्हती. मी तिच्याच खोलीत खाट टाकली होती. कधीही डोळे उघडले तरी ती भिंतीला टेकून बसलेली. अंग वाळून काडी झालं होतं. डॉक्टरच्या गोळ्यांनी दिवसा नुसती गुंगी यायची. पोरगा पोटतिडकीनं मला म्हणाला, "काकू, हा जगव. आई अशीच राहिली तर दुसरं वर्स पाहणार नाही."

आता आमचा गोंदियाचा उन्हाळा, तिथं बर्फातल्या मुळीनं काय करावं? मी ती माठात लावली आणि न्हाणीच्या आडोशाला ओलं पोतं गुंडाळून ठेवली. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, चिडवून घेतलं, मोहाची दारू काय वाईट होती म्हणून बियर गाळून राहिली का. शेजारणी तर मुद्दाम पाहायला यायच्या. चैत्रात दोन पानं आली, वैशाखात ती करपली, मृगात परत चार आली. मग मी माठ फोडून मुळी सांदवाडीत, घरामागच्या आमच्या वाडीत, विहिरीशेजारी वालाच्या ओळीतच लावली. बांबू रोवला.

पाऊस लागला तशी ती जी उठली! दिवसाला वीतभर. देठाला बारीक आकडे, मांजराच्या जिभेसारखे. जवळून गेलं की पदर धरायचा. मी सोडवून घ्यायची आणि हसायची. पहिल्या दिवशी हसले, तिसऱ्या दिवशी जरा वळसा घालून जायला लागले.

शेंडा उचलून मी वालासारखे दोन वेढे दिले. सकाळी पाहते तर शेंडा सुटलेला आणि उलट्या बाजूनं गुंडाळलेला. वाटलं, वाऱ्यानं झालं असेल. परत दिले, सकाळी परत तेच. मग सोपटानं बांधला. सकाळी गाठ जागच्या जागी, पण गाठीच्या वरचा सगळा वेल फिरून दुसऱ्या अंगाला गेलेला. असं सात-आठ दिवस चाललं.

मला वाटलं, जाऊबाई. झोप नाही, पहाटे उठून सांदवाडीत फिरत असेल, माझं काम तिला पटत नसेल. ती आणि भासरे मिळून वाल चढवायचे. भासरे बांधायचे ते नेहमी सुटी गाठ, एका ओढीत उकलणारी, आणि माझ्या दुहेरी गाठीला नावं ठेवायचे. म्हणायचे, वेलाचा गळा आवळून राहिली तू. शेवटी मी तिला बोललेच, की बाई, बांधलेलं कायले सोडता.

ती म्हणाली, "मी समजत होती तूच फिरवून राहिली."

आम्ही दोघी बांबूजवळ गेलो. तिनंच बोटानं दाखवलं. वाल सगळे बांबूला डाव्या हाताला ठेवून वर गेलेले. हा एकटा बांबूला उजव्या हाताला ठेवून, आपण तुळशीला फेरे घालतो तसा. तिनं हळूच सांगितलं, पोरगा म्हणत होता की चितेला त्यानं उलटे फेरे घातले, बांबूला वाल घालतो तसे. आपण त्यांचं सगळंच उलटं करून पाठवलं.

"ते येऊन राहिले वो," ती म्हणाली. "सुलटं करून राहिले."

माझ्या अंगावर काटा आला. पण काट्यापेक्षा वाईट पुढेच होतं. ती आता मुद्दाम जागू लागली. आधी झोप येत नव्हती, आता येणारी डुलकीही ती परतवायची, डोळ्यांना पाणी लावायची, खिडकीशी बसायची. ज्या झोपेसाठी वेल जगवला तीच तो खाऊन राहिला होता. मी वेलाला हात लावणं सोडलं, तर ती स्वतः जाऊन वालासारखे वेढे देऊन यायची. त्यांनी येऊन सोडवावे म्हणून.

मी एक दिवस जेवणं झाल्यावर दोन पाट घेतले, चहाची किटली घेतली आणि तिला बांबूसमोर बसवलं. म्हटलं, आज दोघी पाहू, भर उन्हात. शेंडा मोकळा सोडला. तेव्हा त्याचं टोक विहिरीकडे होतं.

वारा नव्हता. वालाचं पानही हलत नव्हतं. पाहता पाहता काही दिसायचं नाही, पण कपात चहा ओतून मान वर केली की टोक सरकलेलं. पहिला चहा संपला तेव्हा ते तुळशीकडे होतं. मग गोठ्याकडे. आंधळा माणूस हातानं भिंत शोधतो तसं ते हवेत काही शोधत होतं. आणि मग ते वळून आमच्याकडे आलं, थेट, आणि थोडा वेळ तिथंच थांबल्यासारखं वाटलं. मी पाट मागे ओढला. जाऊबाई हलली नाही. टोक तिच्यावरून पुढे गेलं आणि बांबूला जाऊन टेकलं, उजव्या अंगानं. कोणाचा हात लागला नव्हता.

"मंग कोणी येतच नोहतं," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं.

ती उठली, ओसरीतल्या खाटेवर आडवी झाली आणि झोपली. दिवेलागण झाली, जेवणाची वेळ गेली, तरी उठली नाही. मी दोनदा नाकाशी हात धरून पाहिला. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर उठली. चेहरा धुतल्यासारखा होता, पण त्यातलं काहीतरी मी काढून घेतलं असं मला वाटत राहिलं.

भादव्यात वेलाला फुलं आली. फिकी हिरवी, कागदासारखी, आत पिवळी भुकटी, वास कडू. मूठभरच निघाली. सावरीच्या कापसात मिसळून मी लहानशी उशी शिवली. उशीनं म्हणा की आशा सुटल्यानं म्हणा, जाऊबाई रोज झोपू लागली. घोरूही लागली. अंगावर मांस आलं. पोरगा मोबाईलवर तिला पाहून रडला.

पितर पंधरवडा सरून गेल्यावरची गोष्ट, म्हणजे पितर आले म्हणावं तर तेही निमित्त नाही. हॉपला खालून नवा फुटवा आला होता, मी त्याला वेगळा बांबू दिला आणि हात न लावता सोडला होता. आमच्या घरचे त्या आठवड्यात लेकीकडे कोहमाऱ्याला गेलेले. घरात आम्ही दोघीच. सकाळी मी सांदवाडीचं दार उघडलं. कडी आतून होती, मीच काढली. फुटव्याला बांबूभोवती तीन वेढे दिलेले. वालासारखे. बांबू डाव्या हाताला ठेवून जाणारे. वर सोपट बांधलेलं.

हा वेल आपणहून तसा कधीच जात नाही, ते आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी आत जाऊन जाऊबाईचे पाय पाहिले. स्वच्छ, कोरडे. ती गाढ झोपेत. मग मी माझेही पाय पाहिले.

परत आले. गाठ माझी नव्हती. एकेरी होती. टोक धरून ओढलं, एका ओढीत उकलली.

मला भीती वाटली, खोटं कायले बोलू. पण त्यातही मनात आलं, ज्या माणसानं जन्मभर वालच चढवले त्याला या वेलाची रीत कशी ठाऊक असणार? चूक तीच, माझी होती तीच.

सोपट मी चुलीत घातलं. वेल सोडून मोकळा केला. तिला सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी खिडकीशी जाऊन बसली असती. आनंदानं बसली असती, आणि थंडी सरायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो असतो.

ती उठून बाहेर आली, तोंड धुतलं, विहिरीपाशी उभी राहून विचारलं, "नवा फुटवा चढला का वो?"

"चढल," मी म्हटलं. "आपल्या आपण चढल."

त्यानंतर आणखी दोनदा तसं झालं. आता सांदवाडीचं दार रोज सकाळी मी पहिली उघडते. तिला उठायची घाई करू देत नाही.