शेवटच्या फेरीतले बारा जण

श्रुतिका धुरीला काहीही सुरू करायला सांगा, दुसऱ्या मिनिटाला कामाला लागेल. संपवायचं म्हटलं की मात्र बाईसाहेब पाय मागे घेतात. बोरिवलीच्या त्यांच्या घरात हॉलच्या दोन भिंती नव्या अबोली रंगाच्या आणि दोन जुन्याच पिवळ्या, हे कितीतरी दिवाळ्या चाललंय. जर्मन शिकायला गेली, क्रियापदांपर्यंत पोचून परत आली. "आमचां चेडू आरंभशूर," असं तिचे वडील धोंडू धुरी आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात. ती चिडत नाही. खरंच आहे ते, चिडून करणार काय?

आता अशा माणसाला धंदा कुठला मिळावा? कॉम्प्युटर गेमचा, आणि त्यातही अर्ली ॲक्सेसचा. म्हणजे गेम अर्धामुर्धा झालेला असतानाच विकायला काढायचा, लोकांनी तो खेळायचा, काय चुकलं ते ओरडून सांगायचं, आणि आपण त्यात भर घालत राहायचं. श्रुतिकाला वाटलं, हे खास आपल्यासाठीच काढलंय कुणीतरी.

गेमचं नाव 'जेटी'. लहानपणी गोराईला जाताना होडीत बसून जे जे पाहिलं, ते सगळं तिनं त्यात ओतलं. खेळणारा होतो होडीवाला. भरती-ओहोटी बघायची आणि माणसं, कोंबड्या, मासळीच्या पाट्या, एखादी स्कूटर खाडीपलीकडे न्यायची. पुढे खाडीवर पूल होणार आणि होडीची शेवटची फेरी निघणार, तिथे गेम संपणार, असं पहिल्याच दिवशी जाहीर करून झालेलं. चित्रं आणि गोष्ट श्रुतिकाची, प्रोग्रॅमिंग तिच्या भागीदाराचं, घाटकोपरच्या धम्मपालचं. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली.

दर शुक्रवारी गेममध्ये काहीतरी नवं यायचं. लग्नाचं वऱ्हाड आलं, बँडवाले आले, जागेवरून भांडणारी प्रेमामावशी आली, बकऱ्या आल्या. तीन वर्षं झाली, शेवटची फेरी तेवढी येईना. सगळं गाव त्या होडीत घालायचं, एवढंच श्रुतिकाला माहीत होतं. पुढचं लिहायला बसली की हटकून एखादी नवी बकरी सुचायची.

मग एका कंपनीनं विचारलं, 'जेटी' कन्सोलवर आणायचा का? कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र. धम्मपालनं पेढे आणले. श्रुतिकानं तर त्याच उत्साहात लोकांना सांगून टाकलं की गणपतीच्या आधी दोन्ही देते, कन्सोलही आणि शेवटची फेरीही.

आणि तिथून वाट लागली. कॉम्प्युटरवर सकाळी बदल केला की संध्याकाळी तो लोकांच्या घरी. कन्सोलचं तसं नाही. तिथे प्रत्येक बदल कन्सोलवाल्यांच्या तपासणीतून जाणार, आणि ती माणसं बघतात बारीक. पहिल्याच खेपेला 'जेटी' परत आला, अक्षरं फार लहान म्हणून. श्रुतिकाला पटेना. तिनं गेम घरच्या टीव्हीला जोडला आणि वडिलांना सोफ्यावर बसवलं.

"ह्यां काय लिवलां हा गो?" धोंडू डोळे बारीक करून म्हणाले. "माका एक अक्षर दिसत नाय."

अक्षरं मोठी केली तर चौकटी फुटल्या. चौकटी मोठ्या केल्या तर त्यांच्यामागे होडीच झाकली गेली. माउसनं जो माणूस अलगद बसायचा, तो कंट्रोलरच्या बटणांनी थेट खाडीत पडायला लागला. धम्मपाल दिवसभर माणसं खाडीतून बाहेर काढत बसलेला. शुक्रवारची भर बंद पडली. तरी श्रुतिकाला राहवतंय का? तिनं गुपचूप एक कुत्रं टाकलं.

"तू एक जनावर टाकतेस आणि मी त्याला दोन घरी खायला घालतो," धम्मपाल म्हणाला. "कॉम्प्युटरवर एकदा, कन्सोलवर एकदा. बास कर ना यार."

लोकही कावले होते. मुलुंडचा भीमराज, बँकेत नोकरीला असलेला, पहिल्या दिवसापासून 'जेटी' खेळणारा. त्यानं गेमच्या पानावर लिहिलं, "अर्ध्या खेळात आम्ही तुम्हाला सांभाळून घेतलं. आता टीव्हीवाले पाहुणे आले, तर घरचे उपाशी? शेवटची फेरी द्यायची नसेल तर तसं सांगा. मी वाट बघणं सोडतो."

श्रुतिकाला ते फार लागलं. खोटं लिहिलं असतं तर भांडली असती, पण माणूस खरं बोलत होता. आता शब्द मोडला तर ही माणसं जाणार, आणि गेली की परत येणार नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तेव्हा कुठे ती बसली. वऱ्हाड, बँडवाले, प्रेमामावशी, बकऱ्या, कुत्रं, सगळ्यांना होडीत चढवलं. कॉम्प्युटरवर झकास चाललं. कन्सोलवर होडी धक्क्यावरून हलली, दोनदा अडखळली आणि चित्र जागच्या जागी गोठलं.

"बारा," धम्मपालनं बराच वेळ झगडून सांगितलं. "त्याच्यावर एक जरी चढवला तरी हे यंत्र ओढत नाही."

"मग तिकडे बारा ठेव. कॉम्प्युटरवर अख्खं गाव जाऊ दे."

"म्हणजे दोन शेवट, दोन गेम. गणपती कुठल्या वर्षीचे म्हणालेलीस?"

"अरे, माझी माणसं आहेत ती. कुणाला उतरवू?"

"ते तू ठरव. पण ठरव."

पुढचे काही दिवस ती नुसती माणसं चढवत आणि उतरवत होती. प्रेमामावशीला उतरवलं की जीव तुटायचा, चढवलं की बँडवाला बाहेर. जेवणावरून लक्ष उडालं, वडिलांवर उगाच खेकसली. शेवटी ऑफिसात हात झटकून उठली. "मला नाही जमत. ज्याची होडी आहे त्यानं ठरवावं."

आणि बोलता बोलता थांबली. धम्मपाल खुर्चीतल्या खुर्चीत वळला.

"होडी खेळणाऱ्याची आहे," ती सावकाश म्हणाली. "बारा जागा. कुणाला न्यायचं ते तोच ठरवेल. बाकीचे जेटीवरून हात हलवतील."

"हात हलवणारे सपाट चित्रांचे कर. यंत्राला भार नाही पडणार," धम्मपाल म्हणाला आणि कामाला लागलासुद्धा.

या खेपेला तिला एकही बकरी सुचली नाही. होडी पैलतीराला लागली, तिथलं सगळं लिहून झालं, तपासणीत गेम पास झाला, आणि गणपतीच्या आधी दोन्हीकडे आला. लोकांनी नुसता धुमाकूळ घातला. प्रेमामावशीला मागे ठेवलंच कसं, यावरून एकमेकांना न ओळखणारी माणसं भांडत होती. धोंडूंनी चार जागा बकऱ्यांना दिल्या. पुलावर बकऱ्या बुजतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. श्रुतिका इतकी खूश होती की ऑफिसात तिला खुर्चीत बसवेना.

भीमराजचा तेवढा पत्ता नव्हता. विसर्जन झाल्यावर त्याचं लिहिणं आलं.

"ताई, अकरा जण बसवलेत. बारावी जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय, कारण ती भरली की होडी निघते. रोज बँकेतून येतो, जेटीवर सगळ्यांबरोबर थोडा वेळ बसतो आणि बंद करतो. हे असंच राहू दिलं तर चालेल ना?"

श्रुतिकानं ते परत परत वाचलं. तिच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार होतं? डोळे भरून आले तिचे. 'चालेल की' असं लिहायला हात गेलाही. तो तिनं मागे घेतला आणि लिहिलं, "नाही, भीमराजदादा. ओहोटी लागायच्या आत कुणालातरी बसवा आणि होडी सोडा. पलीकडचं सगळं मी पुरं केलंय."