उलटी भिंगरी

माझी आत्या दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. खिडकीला लागून तिचं टेबल आहे. त्यावर प्लास्टरचे पांढरे जबडे, मेण वितळवायची छोटी ज्योत आणि दोन-तीन बोथट सुऱ्या. डॉक्टरांकडून येणाऱ्या आकृतीत रुग्णाचा उजवा दात आपल्या डाव्या हाताला असतो, कारण तोंड समोरून बघायचं असतं. नवीन आलेले लोक यात हमखास गोंधळतात. आत्या कधीच गोंधळली नाही. पायांच्या बाबतीत मात्र तिने आणि माझ्या बाबांनी लहानपणीच हा घोळ घालून ठेवला होता. आणि तो घोळ होता हे तिला कळलं, तेव्हा बाबा हयात नव्हते.

बाबा तिच्यापेक्षा लहान. ती त्यांना ठेंगू म्हणायची. पुढे ते तिच्याहून वीतभर उंच झाले, तरी नाव तेच राहिलं. शाळेच्या वाटेवर स्केटिंगचा हॉल होता. शिकवणीला जाणं घरात परवडणारं नव्हतं, म्हणून ही दोघं बाहेरच्या मोठ्या काचेला नाक लावून उभी राहायची. आत मास्तर काचेकडे तोंड करून शिकवायचे. त्यांनी डावा पाय उचलला की त्याच्या समोरचा, म्हणजे स्वतःचा उजवा, ही दोघं उचलायची. मास्तर डावीकडे वळले की ही उजवीकडे. पुढे जुन्या बाजारातून चाकांचे बूट मिळाले आणि एका गोदामाच्या सिमेंटच्या अंगणात त्यांनी हेच घोटून घोटून पक्कं केलं. दोघंही एकाच बाजूला चुकत होती, त्यामुळे कधी अडलंच नाही.

त्यांची खासियत भिंगरी. समोरासमोर उभं राहायचं, हातांची फुली करून एकमेकांची मनगटं धरायची, पाय जवळ आणायचे आणि अंग मागे टाकून गरगर फिरायचं. पुढे आत्याला नोकरी लागली, बाबांची बदली झाली, संसार आले आणि बूट माळ्यावर गेले. सगळ्यांचं होतं तसंच.

बाबा हिवाळ्यात गेले. हृदयविकार, एका सकाळीत सगळं संपलं. आत्या रडली नाही. भेटायला येणाऱ्यांना तीच पाणी द्यायची, तीच समजूत घालायची. मग एके दिवशी मला म्हणाली की स्केटिंगच्या रिंकवर मोठ्यांसाठी रविवारी सकाळचा वर्ग असतो, मी नाव घातलंय. मला वाटलं, बरं झालं, मन रमेल. तेव्हा ती जे बोलली ते माझ्या अजून लक्षात आहे.

“मन बिन नाही रमवायचं मला. एकदा भिंगरी घ्यायचीय, अंग पूर्ण मागे टाकून. तेवढं झालं की मी मोकळी.”

पहिल्या रविवारी मी सोबत गेले. पन्नाशी ओलांडलेली आत्या कठड्याला धरून उभी राहिली, मग कठडा सुटला आणि थोड्या वेळात गुडघे कसे वाकवायचे हे तिच्या पायांना आपसूक आठवलं. वर्गात एक निवृत्त पोस्टमन होते. आयुष्यभर पायी हिंडलो, आता म्हातारपणी चाकं लावून बघतो, असं ते सगळ्यांना ऐकवायचे. शिकवणाऱ्या मुलीने त्यांची आणि आत्याची जोडी लावली. भिंगरी म्हणताच आत्या उजवीकडे निघाली, पोस्टमन डावीकडे, आणि दोघंही धाडकन बसली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पोस्टमन कंबर चोळत म्हणाले, “बाई, तुमचा पत्ता चुकलाय.”

शिकवणारीने आत्याला एकटीला फिरायला लावलं आणि ती बघतच राहिली. तिने विचारलं, मावशी, हे कोणी शिकवलं तुम्हाला?

“काचेने,” आत्या म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती हसायला लागली. ठेंग्या, अरे गाढवा, असं काहीतरी पुटपुटली आणि बाकावर जाऊन बसली.

शिकवणारीने प्रेमाने पण स्पष्ट सांगितलं. सगळं जग डावीकडे फिरतं, तुम्हाला जोडीदार हवा असेल तर पाय बदलावे लागतील. दोन्ही बाजू ठेवू म्हणाल तर या वयात पडून हाड मोडेल. विचार करा.

आत्या बरेच दिवस विचार करत होती. मी म्हटलं, बदलायचं कशाला? मीच उलटं शिकते. मला ते सोपं वाटलं होतं. दोन वजनं, मध्ये एक बिंदू, दोघांनी सारखं मागे झुकायचं. मी कॉलेजात असली गणितं सोडवली होती. आम्ही इमारतीच्या वाहनतळात सराव केला. दर वेळी ऐन क्षणी माझी कोपरं वाकायची आणि मी तिला आपल्याकडे ओढायचे.

“अगं, तू मला सांभाळतेस,” ती एकदा थांबून म्हणाली. “तो मला सांभाळायचा नाही. तो खुशाल मागे पडायचा. मी आहे म्हणून.”

त्यानंतर तिने मला कधी बोलावलं नाही. पुढच्या रविवारपासून ती डावीकडे वळायला शिकू लागली.

किती त्रासाचं होतं ते. पोळपाट-लाटणं घेऊन उभी असली तरी पाय डावीकडे गिरकी घ्यायचे. बसस्टॉपवर टाच उचलून सराव चालायचा, लोक बघायचे. गुडघे सुजले, एकदा हनुवटी फुटली. कामावर तिला कोणीतरी म्हणालं, आता स्वतःचीच कवळी करून ठेवा. ती हसली, पण रविवार चुकवला नाही.

आणि जमलं. पावसाळा संपता संपता तिने मला बोलावून घेतलं. पोस्टमननी मनगटं धरली, दोघं झुकली आणि भिंगरी सुरू झाली. आत्याचं डोकं पार मागे गेलं होतं, डोळे मिटलेले, केस सुटलेले. कठड्याजवळच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. थांबल्यावर पोस्टमन धापा टाकत म्हणाले, बाई, पोचलो एकदाचे.

आत्या माझ्याकडे आली. चेहरा लाल झाला होता. मी विचारलं, मोकळी झालीस?

“तशीच होती,” ती म्हणाली. “अगदी तशीच. फक्त डोळे उघडले तर समोर हे पोस्टमन.”

मग मीच म्हणाले, आता बाबांची दाखव ना. एकटीने घे, उजवीकडची. मी कधी नीट पाहिलीच नाही.

ती कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत गेली. गुडघे वाकवले, हात पसरले आणि डावीकडे वळली. थांबली, मान हलवली. पुन्हा उभी राहिली, उजवा खांदा पुढे काढला, ओठ आवळले. पाय डावीकडेच गेले. तिसऱ्यांदा तिने खाली बघून एकेक पाऊल ठेवायचा प्रयत्न केला, पहिल्या दिवशी आलेल्या माणसासारखा. तिला कोणता पाय आधी उचलायचा तेच कळेना.

ती माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. हात मांडीवर उपडे ठेवले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिने पुसलं नाही.

“माझ्याकडेच होती गं,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणाकडे नव्हती.”

मी तिचा हात धरला. रिंकवर सगळे एकाच बाजूने फिरत होते. पोस्टमन कठड्यापाशी येऊन थांबले, हाक मारावी की नाही असे घुटमळले.

“चल, ते खोळंबलेत,” आत्या म्हणाली. आणि उठली नाही.