पऱ्हाट्यांचा भारा आणि लॅटिन

बी.ए.ला इंग्रजी घेतलेली मी वालूरला सून म्हणून आले, तेव्हा माझं नाक इतकं वर होतं की चौकटीला आपटलं कसं नाही, याचंच नवल.

विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे दिवस. बुद्ध पौर्णिमेला विहारात वंदना झाली की भाषणं व्हायची, आणि ती पुरुषच करायचे. त्या वर्षी सासूबाई अडून बसल्या, "औंदा आमची सून बोलंल." वस्तीतल्या एका जुन्या पुढाऱ्याला सगळे आबा म्हणत. त्यांनी बजावलं, "बोलू द्या. पर लोकं उठून गेली, तर पुन्हा बायकांचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे साऱ्या बायकांचं बोलणं माझ्या एकटीच्या जिभेवर टांगलेलं. आणि ह्या शहाणीनं विषय काय निवडावा? दुःखावर तर सगळेच बोलतात, म्हणून इंग्रजीतल्या 'सफरिंग' या शब्दाचा उगम!

पांढरं, कडक इस्त्रीचं पातळ नेसून मी उभी राहिले. "हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचे दोन तुकडे. एकाचा अर्थ खाली, दुसऱ्याचा उचलून नेणं. अर्थात, जो ओझ्याखाली उभा राहून ते पेलतो..."

समोर जांभया. एक लेकरू रडलं. त्याच्या आईला निमित्तच मिळालं, ती उठली. तिच्यामागं आणखी दोघी. आबा मिशीत हसले. 

बाहेर खिरीच्या चुलीपाशी जळणाचा, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा पडला होता. "थांबा, दाखवतेच!" म्हणत मी तरातरा गेले. जन्मात ओझं न उचललेली मी, भाऱ्याला कवटाळून झटायला लागले. भारा गुडघ्याच्या वर येईना, पातळात मात्र काटक्या अडकल्या.

"अगं, डोक्यावर चुंबळ तरी घे!" एक म्हातारी ओरडली.

"एकटीनं उचलतंय व्हय कुणी?" सासूबाई हसत आल्या. उठून गेलेल्या तिघी परत फिरल्या. एकीनं लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ वळली, दोघींनी खालून हात लावला, आणि भारा माझ्या डोक्यावर. तोवर आतली सगळी माणसं बाहेर आलेली, लय खुशीत.

"आत्याबाई, उतरवा ना," मी मान ताठ धरून सासूबाईंपाशी पुटपुटले.

"उतरवते की. आधी भाषण पुरं कर."

केलं पुरं. लॅटिन कुठल्या कुठं पळालं. भारा जड असतो, आणि तो चढवायला शेजारणीचा हात लागतो, एवढंच धापा टाकत बोलले. कुणी जागचं हललं नाही.

भारा उतरवायला खुद्द आबाच पुढं आले. "ठीकाय. पुढच्या साली बी बायकांतलं कुणीतरी बोलंल."

"कुणीतरी कशाला? मी हाय की," सासूबाईंनी लगेच सांगून टाकलं. मला आधी पुढं का ढकललं होतं, ते तेव्हा कुठं ह्या बी.ए.वालीच्या डोक्यात शिरलं.